जुन्या आयशरने परसबाग कसताना

घरामागच्या पाच गुंठ्यांसाठी जुना आयशर २४१ ट्रॅक्टर घ्यावा का, या आपल्या प्रश्नात मला अश्वशक्तीपेक्षा वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी जमिनीतली ओल, महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत ओल जास्त असताना मी एकदा घाईने नांगर घातला, तेव्हा उन्हाने तापून विटेसारखी झालेली ढेकळे पुढे कुदळीनेही फुटेनात. मूठभर माती दाबून सोडल्यावर ती सहज भुरभुरली, तरच वखर (माती भुसभुशीत करणारे पात्याचे अवजार) लावावा.

एक सिलिंडरचे, हवेने थंड होणारे हे २५ अश्वशक्तीचे इंजिन रेडिएटरची कटकट ठेवत नाही. मात्र त्याच्या सिलिंडरभोवतीच्या, हवेने थंड होणाऱ्या पात्यांत (फिन्समध्ये) पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडांचा, भुसा अडकला की ते तापते. ट्रॅक्टर वळवायला धुऱ्याजवळ (बांधाजवळ) जागा सोडावी लागते, आणि तेथील वांग्या-मिरच्यांचे वाफे शेवटी फावड्यानेच करावे लागतात.