'मॉकिंगजे भाग २' : कॅटनिसचा शेवटचा बाण तुम्हाला पटला का?

सांजवारा

(शेवट पूर्ण उघड केला आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून या.)

'हंगर गेम्स' मालिकेचा चौथा चित्रपट 'मॉकिंगजे भाग २' नोव्हेंबर २०१५मध्ये आला. २०२३मध्ये आणखी एक आला, पण तो हुकूमशहा अध्यक्ष स्नोच्या तरुणपणाचा. मुलांना रिंगणात एकमेकांना मारायला लावणाऱ्या खेळातून वाचलेली आणि पुढे राजधानी कॅपिटॉलविरुद्धच्या बंडाचा चेहरा झालेली कॅटनिस, तिची गोष्ट संपते ती इथेच. तेव्हापासून या चित्रपटाबद्दल एकच तक्रार ऐकत आले आहे: युद्ध जिंकलं, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. माझ्या मते तसं वाटू न देणं हेच त्याचं मोठेपण आहे.

पहिलंच दृश्य आठवा. खेळातला तिचा जोडीदार, पण कॅपिटॉलने तिच्याविरुद्ध मन फिरवलेला पीटा, त्याने गळा दाबल्यामुळे कॅटनिसच्या मानेवर काळेनिळे वळ उठलेत आणि ती स्वतःचं नाव उच्चारायला धडपडतेय. घोगरा, तुटका आवाज. जिच्या आवाजावर अख्खं बंड उभं राहिलं तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही. जिथे सुरुवात अशी आहे तिथे शेवटी जयजयकार कसा असेल?

आणि मग ती मुलं. स्नोच्या वाड्याच्या फाटकाशी जमवलेल्या मुलांवर छोटी पॅराशूटं उतरतात. खेळाच्या रिंगणात औषधं यायची ती तशीच पॅराशूटं. मुलं हात वर करतात आणि स्फोट होतो. मदतीला परिचारिका धावतात, त्यांत प्रिम असते, आणि दुसरा स्फोट होतो. बहिणीच्या जागी स्वतः पुढे होऊन कॅटनिसने ही सगळी गोष्ट सुरू केली होती, ती बहीणच गेली. नंतर गुलाबांच्या घरात बसलेला स्नो तिला सांगतो की ही करणी कॉइनची, म्हणजे बंडाच्या अध्यक्षीणबाईंची. कॉइन सत्तेवर बसते, निवडणुका पुढे ढकलते आणि कॅपिटॉलच्या मुलांचा एक शेवटचा खेळ घ्यायचा प्रस्ताव मांडते. स्नोला मारायला उभी केलेली कॅटनिस बाण सोडते तो कॉइनवर.

मला हा शेवट पूर्ण पटतो. तुम्हाला?

कोरडी विहीर

बाण पटला. बाणापर्यंतचा रस्ता नाही पटला.

सुझान कॉलिन्सचं एकच पुस्तक, त्याचे दोन चित्रपट. पहिला भाग १२३ मिनिटांचा, दुसरा १३७. म्हणजे चार तास वीस मिनिटं हाताशी होती, आणि त्यात प्रिमचा मृत्यू डोळ्याची पापणी लवते ना लवते तोच उरकला! स्फोट होतो, कॅटनिस कोसळते, पडदा काळा होतो. तिला कुणी उचललं, कुठे पुरलं, आईला कुणी सांगितलं, काही नाही. उलट गटारातल्या त्या पांढऱ्या श्वापदांशी झटापट किती वेळ चालते बघा. कॅटनिसचा साथीदार फिनिक याच्यासारखं पात्र तिथे खर्ची पडतं आणि दोन प्रसंगांनंतर त्याचं नावही कुणी काढत नाही. ज्याचं नुकतंच लग्न दाखवलंत त्याला एवढ्या घाईने विसरायचं?

कथा दोन भागांत कापण्यामागे पैसा होता, दुसरं काही नाही. आणि प्रेक्षकांना ते कळलं. अमेरिकेत पहिल्या चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत १५ कोटी डॉलरहून जास्त कमावले होते. या चौथ्याचा आकडा १० कोटींच्या थोडासा वर राहिला.

दगडफूल

@कोरडी विहीर, तिकीटबारीचा आकडा इथे कशाला? प्रेक्षक कमी आले म्हणून शेवट चुकीचा ठरत नाही.

प्रिमच्या मृत्यूबद्दल मात्र माझा अनुभव तुमच्या उलटा आहे. तो झटकन झाला म्हणूनच माझा श्वास अडकला. बॉम्बहल्ल्यात माणूस जातं तेव्हा निरोप घ्यायला वेळ मिळत नाही. आणि चित्रपट ते दुःख विसरलेला नाही, त्याने ते पुढे नेऊन ठेवलंय. घरी परतल्यावर प्रिमचं ते मांजर येतं. कॅटनिस त्याच्यावर ओरडते, हाताला लागेल ते फेकते, ती आता नाही म्हणून सांगते, आणि मग त्यालाच पोटाशी धरून रडते. ज्या मांजराचा तिला पहिल्या चित्रपटापासून तिटकारा, त्याच्यापाशी. मी या मालिकेत रडले ती त्या एकाच ठिकाणी.

माळरान

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो थेट शेवटावर आहे.

कॉइन खेळाचा प्रस्ताव मांडते तेव्हा आधीच्या खेळांतून वाचलेल्या सात विजेत्यांचं मत घेतलं जातं. कॅटनिस हो म्हणते, प्रिमसाठी म्हणून. तिचा गुरू हेमिच तिच्याकडे बघतो आणि मी तिच्यासोबत म्हणतो. पुस्तकात हे वाचताना मी हादरलो होतो, कारण क्षणभर खरंच कळत नाही की ही मुलगी सूडाने आंधळी झाली आहे की डाव टाकते आहे. चित्रपटात जेनिफर लॉरेन्सचा (कॅटनिस) चेहरा, वूडी हॅरलसनची (हेमिच) ती नजर, सगळं इतकं सूचक ठेवलंय की पुढे काय होणार ते लगेच कळतं. नायिकेच्या हाताला डाग लागू नये याची काळजी दिग्दर्शकाने घेतली. बाण सुटण्याआधीच तिला निर्दोष ठरवलं, मग त्या बाणात धक्का काय राहिला?

पुस्तकातला खुनानंतरचा काळही गाळला. तिथे ती कोंडलेली आहे, मरायचं म्हणते आहे, बाहेर तिच्याविना तिचा खटला चालू आहे. चित्रपटात खटला नाहीच. हेमिच येतो, एक पत्र वाचतो, आणि ती घरी जाते.

सांजवारा

@माळरान, त्या पत्राचं कारण माहीत असेल तर त्याबद्दल इतकं कठोर बोलणं होत नाही. ते पत्र ज्याचं, त्या बंडाच्या प्रचारप्रमुख प्लुटार्कची भूमिका करणारे फिलिप सिमोर हॉफमन २ फेब्रुवारी २०१४ रोजी गेले. त्यांचं थोडंच चित्रीकरण राहिलं होतं. संगणकाने त्यांचा चेहरा तयार करून वाक्यं बोलवून घ्यायची नाहीत असं दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स यांनी ठरवलं आणि तो संवाद पत्राच्या रूपात हेमिचच्या तोंडी दिला. प्रसंग दुबळा झाला असेल, पण एका नटाचा मान राखला गेला. मला हे मोलाचं वाटतं.

मतदानाबद्दल तुमचं म्हणणं अर्धं मान्य. संदिग्धता कमी झाली हे खरं. पण कॅटनिसच्या हाताला डाग नाही म्हणता? कॅपिटॉलमध्ये आपल्या तुकडीला ती जिच्या बळावर पुढे नेते ती स्नोला मारायची गुप्त आज्ञा तिने स्वतः रचलेली असते. फिनिक मरतो, एकेक करून तुकडीतले बरेचजण मरतात, आणि मग ती कबूल करते की अशी आज्ञा कधी नव्हतीच. हा डाग चित्रपटाने कुठेही पुसलेला नाही.

निळी शाई

सगळे कॉइन आणि स्नोवर बोलताय. या चित्रपटातला सर्वांत दुखरा धागा कॅटनिसचा जुना मित्र गेल आहे, आणि त्याच्याकडे बघायलाच कुणी तयार नाही. त्याला कायम प्रेमत्रिकोणातला तिसरा कोपरा करून सोडतात.

डिस्ट्रिक्ट २मधला प्रसंग आठवा. डोंगराच्या पोटात कॅपिटॉलचं ठाणं आहे. गेल सुचवतो की डोंगराचे कडे पाडा, आतल्यांना आतच गाडा. हे बोलणाऱ्या मुलाचा बाप कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात गेलेला आहे. कॅटनिसचाही. ती त्याच्याकडे बघते ना, तिथेच दोघांची वाट वेगळी होते, पीटामुळे नाही. आणि बंडाचा शास्त्रज्ञ बीटी याच्याबरोबर बसून त्यानेच तो दुहेरी सापळा आखलेला असतो: पहिला स्फोट होऊ द्या, लोक दयेपोटी मदतीला धावतील, मग दुसरा.

शेवटी ती विचारते की तो बॉम्ब आपला होता का. तो म्हणतो, माहीत नाही. तुझ्या घरच्यांना सांभाळणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. ती म्हणते, निरोप घेते, गेल. बस्स. लहानपणापासूनचं नातं तेवढ्या शब्दांत संपतं. मी तो प्रसंग पुनःपुन्हा पाहिला आहे. बंडाची बाजू न्यायाची असूनही बंडखोर काय होऊन बसतो, हे मला कॉइनपेक्षा गेलमध्ये जास्त दिसलं. कॉइन आधीपासून तशीच होती. गेल तसा नव्हता.

कोरडी विहीर

@निळी शाई, सुंदर लिहिलंत. पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. एवढा मोठा धागा आणि त्याला शेवटी एक मिनिटाचा प्रसंग! गेल पुढे कसा जगला, त्याला झोप लागते का, काही नाही. तो दारातून जातो आणि गोष्टीतूनही जातो. भाग १मधली तळघरातली भाषणं आणि प्रचारफिती कापल्या असत्या तर हे सगळं एका तीन तासांच्या चित्रपटात नीट बसलं असतं.

दगडफूल

प्रचारफिती कापायच्या? त्याच तर या दोन भागांचा कणा आहेत. स्नो टीव्हीवर कॅटनिस मेली म्हणून घोषणा करतो आणि कॉइन लगेच त्याचं प्रक्षेपण बळकावून तिला हुतात्मा करून टाकते. ती मात्र एका घरात लपून, जिवंतपणी दोघांचीही भाषणं ऐकते आहे. दोन्ही बाजूंना ती मेलेलीच जास्त उपयोगाची. हा प्रसंग कळायचा तर आधीच्या फिती हव्यातच.

आणखी एक. २०१४मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर निदर्शकांनी याच मालिकेतली तीन बोटं उंचावली, २०२१मध्ये म्यानमारमध्येही तेच झालं. पडद्यावरची खूण माणसं रस्त्यावर जीव धोक्यात घालून वापरतात, तेव्हा तिचा शेवट खोटा गोड केला असता तर तो मला अपराध वाटला असता.

माळरान

तीन बोटं आधीच्या चित्रपटांतून आली, शेवटच्यातून नाही. लोकांनी आशा उचलली. संशय कुणी उचलला नाही.

आणि खोटा गोड शेवट नाही म्हणता, तर ते हिरवं कुरण, सोनेरी ऊन, मांडीवर बाळ, हे काय आहे? दीड तास राख दाखवून झाल्यावर एकदम शुभेच्छापत्र.

सांजवारा

ऊन सोनेरी आहे, पण ती बाळाला काय सांगतेय ते ऐका. मलाही वाईट स्वप्नं पडतात. कुणी केलेली प्रत्येक चांगली गोष्ट मी मनात मोजत बसते. इतक्या वर्षांनी त्याचा कंटाळाही येतो. पण याहून फार वाईट खेळ असतात. एखादी आई मांडीवरच्या लेकराला हे सांगत असेल तर ते शुभेच्छापत्र नक्कीच नाही.

प्रिमच्या बाबतीत मात्र @कोरडी विहीर यांच्याशी वाद घालताना माझाच पाय घसरतोय. काल रात्री तो भाग पुन्हा लावला. पूर्ण चित्रपटात दोघी बहिणी एकट्या, निवांत बोलतायत असे प्रसंग शोधत गेले. फार थोडे सापडले. स्फोटाची घाई मला अजूनही योग्य वाटते, पण त्याआधी प्रिमला आणखी थोडं जगू द्यायला हवं होतं.