मदत हवी आहे : वाळलेल्या बाभळीसाठी कटर मशीन (चेनसॉ) कोणतं घ्यावं, आणि तापल्यावर बंद पडणाऱ्या जुन्या मशीनचं काय करावं?

राम राम मंडळी,

चोपडा तालुक्यात आमची थोडी केळी आहे, बाकी कोरडवाहू. माझा धाकटा भाऊ उन्हाळ्यात झाडतोडीची कामं घेतो. बांधावरच्या बाभळी, नाल्यात माजलेली वेडी बाभूळ, आणि मे-जूनच्या वादळात रस्त्यावर नाहीतर गोठ्यावर पडलेला कडुलिंब. असं काही झालं की गाव त्यालाच बोलावतं. साग, मोह यांसारखी झाडं तो परवानगीचा कागद बघितल्याशिवाय कापत नाही, म्हणून तो विषय इथे काढत नाही. प्रश्न मशीनचा आहे.

सध्या त्याच्याकडे 58 सीसीचं स्वस्तातलं मशीन आहे, पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) 22 इंची. ओल्या सुबाभळीत ते झकास चालतं. उभ्या उभ्या वाळलेली बाभूळ आली की दम तोडतं. शिवाय सकाळी दोन झटक्यांत चालू होणारं मशीन अर्धी टाकी संपली की गुदमरल्यासारखं होऊन बंद पडतं. मग कितीही ओढा, चालू होत नाही. सावलीत ठेवलं की थोड्या वेळाने निमूट चालू. बाजारातल्या मिस्त्रीने कार्बोरेटरचा एच स्क्रू (जोरात चालताना पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) आवळून दिला. आवाज खणखणीत झाला, पण बंद पडणं काही गेलं नाही.

दुसरा त्रास चेनचा. काप सरळ उतरत नाही, उजवीकडे वळतो. कानस मारली तरी तासाभरात भुसा पिठासारखा पडायला लागतो आणि भाऊ मशीनवर अंगाचा भार टाकून कापतो. मला काळजी वाटते ती याचीच. दिवसभर असं रेटून दमलेल्या हातात ते मशीन बघवत नाही.

नवीन व्यावसायिक मशीन घ्यायचं ठरलं आहे. स्टिल कंपनीची 361 आणि 382 अशी दोन नावं समोर आहेत, हुस्क्वार्ना कंपनीचंही बघतो आहोत. 60 सीसी पुरेल की 70 च्या वर जावं? बुंधे बहुतेक फूट-दीड फुटाचे, क्वचित दोन फुटांचे. आणि जुनं दुरुस्त करून फांद्यांसाठी ठेवण्यात अर्थ आहे का? ज्यांनी स्वतः अशी लाकडं कापली आहेत त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

प्रतिसाद : आधी जुन्याचं निदान करा

भाऊ, तो एच स्क्रू आजच सैल करून पुस्तिकेत दिलेल्या मूळ जागी आणा. तो आवळला की पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते. पेट्रोलसोबत ऑईलही कमी जातं, कारण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण त्या मिश्रणातूनच मिळतं. मशीन खणखणीत बोलतं ते तेवढ्यापुरतं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात असं मशीन पिस्टन जाम करूनच थांबतं.

पुढच्या वेळी बंद पडलं की लगेच टाकीचं झाकण हळू सैल करा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि झाकण लावून ओढल्यावर मशीन चालू झालं, तर दोष टाकीच्या हवेच्या छिद्राचा आहे. ते धुळीने बुजलं की पेट्रोल संपेल तशी टाकीत पोकळी होते आणि कार्बोरेटरला पेट्रोल ओढता येत नाही. अर्ध्या टाकीला बंद पडतं म्हणता, म्हणून माझा पहिला संशय त्यावरच आहे. तसं नसेल तर झाकण घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसा, मशीन थोडं बाजूला न्या आणि प्लग काढून सिलिंडरला टेकवून स्पार्क बघा. गरम असताना स्पार्क नाही आणि गार झाल्यावर आहे, म्हणजे इग्निशन कॉइल गेली. ती बदलायची, दुरुस्त होत नाही.

स्पार्कही नीट असेल तर पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटरचा पडदा बघा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करा, कॅन सावलीत ठेवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. ऑईलचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25 ला 1 म्हणजे 40. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत बहुधा 25 ला 1 असतं, तिथे ऑईल वाचवायला जाऊ नका.

आणखी एक. रेस सोडल्यावरही मशीन बराच वेळ जोरात फिरत राहत असेल, तर कुठूनतरी बाहेरची हवा आत जाते आहे. क्रँकची सील नाहीतर कार्बोरेटरजवळचा रबर तपासून घ्या, तोवर वापरू नका.

प्रतिसाद : काप वळतो त्याबद्दल

मी शहाद्याकडचा, वखारीत बरीच वर्षं काढली. काप वळतो म्हणजे एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट आहेत. बहुतेकांचा एका बाजूला हात नीट बसतो, दुसऱ्या बाजूला नाही. सगळ्यांत आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्याएवढे करा. 3/8 पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात) चेनला कंपनीप्रमाणे 5.2 किंवा 5.5 मिमीची गोल कानस लागते, .325 ला 4.8 ची. कोन 30 अंश, पण कोरड्या टणक लाकडात मी 25 च्या आसपास ठेवतो, धार जास्त टिकते. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने मारायची. दातापुढचा जो ठेंगणा उंचवटा असतो तो गेज लावून 0.65 मिमी खाली ठेवा. तो जास्त घासला की चेन लाकडाला हिसके देते.

चेन सारखी करूनही वळत असेल तर पट्टी काढा आणि सपाट फरशीवर तिच्या कडांवर उभी करा. कलली तर एक कड जास्त झिजली आहे. सपाट कानशीने दोन्ही कडा सारख्या करा, खाच आणि ऑईलचं छिद्र साफ करा, आणि दर धार लावताना पट्टी उलटी बसवा.

बांधावरच्या बाभळीच्या सालीत माती असते, जुन्या तारा आणि खिळेही असतात. तासाभरात धार जाते ती त्यामुळेच. फुल चिझल (टोकदार कोपऱ्याच्या) दाताऐवजी सेमी चिझल (गोलसर कोपऱ्याचा) घ्या. जरा हळू कापतो, पण मातीत टिकतो. आणि बुंध्याची साल कापाच्या जागी आधी कुऱ्हाडीने सोलून घ्या.

चेनला जळकं इंजिन ऑईल घालू नका. त्यातला धातूचा कीस पंप खातो आणि ते अंगावरही उडतं. ऑईल पोचतं का ते बघायला पट्टीचं टोक वाळलेल्या केळीच्या पानावर, न टेकवता धरून रेस करा. पानावर ऑईलची रेघ उमटली पाहिजे. चेन गरम असताना ताणली तर काम संपल्यावर सैल करा, नाहीतर गार होताना आवळून बेअरिंगवर ताण येतो.

प्रतिसाद : नवीन कोणतं

दीड फुटापर्यंतच्या बुंध्यांना 60 सीसी आणि 18 इंची पट्टी. 361 हे 59 सीसीचं आणि सुमारे साडेपाच किलोचं, 382 हे 72 सीसीचं आणि सहा किलोच्या वर, तेही पट्टी-चेन सोडून. दिवसभर वाकून फांद्या साफ करायच्या असतील तर तो फरक पाठीला कळतो. दोन फुटांचा बुंधा 18 इंचीने दोन्ही बाजूंनी कापता येतो. तुमच्या 58 सीसीलाही 22 ऐवजी 18 इंची पट्टी लावून बघा, दम तोडण्याचं निम्मं कारण ती लांबी असेल. मात्र चेनचा पिच स्प्रॉकेटशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी) आणि गेज (खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) पट्टीच्या खाचेशी जुळलाच पाहिजे. ज्या कंपनीचे सुटे भाग तुमच्याकडून एका दिवसात आणता येतील तीच घ्या. वादळाच्या दिवसांत मशीन आठवडाभर दुकानात पडून राहिलं तर काय उपयोग?

पैशांतले काही हेल्मेट, कानावरचे मफ आणि चेनरोधक पँटसाठी राखून ठेवा. उन्हात ती पँट नकोशी होते, तरी घालायलाच लावा. तिच्यातले लांब धागे चेनमध्ये अडकून तिला थांबवतात. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, म्हणून चेन झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक रोज सकाळी तपासा. पडलेल्या झाडाच्या वाकलेल्या खोडाला आधी दबलेल्या बाजूने थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलं तर खोड फाटून अंगावर येतं.

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल झाकण सैल केलं, सूं असा आवाज आला आणि मशीन चालू झालं. छिद्र साफ केलं, स्क्रू मूळ जागी आणला. त्यानंतर भरलेली टाकी न थांबता संपली. ते आता 18 इंची पट्टी लावून फांद्यांसाठी ठेवतो, आणि नवीन 60 सीसीचंच घेतो. पँटही त्याच दिवशी.

एक राहिलं. धुळे किंवा जळगावात सेमी चिझलची 3/8 चेन रिळातून हव्या त्या लांबीची तोडून, रिव्हेट मारून देणारं दुकान कुणाला माहीत आहे का? तयार लूपपेक्षा ते स्वस्त पडेल असं वाटतं. कळलं तर इथेच लिहा, इतरांनाही उपयोग होईल.