प्रतिसाद: खिडकी आणि स्वाइप

"एकेक चौकट सरकवत विनोद उलगडायचा, ही मोबाइलचीच देणगी" हे मोबाइलवरच्या चित्रकथांबद्दलच्या चर्चेतलं म्हणणं अर्धंच पटलं. 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं विसरलात का? कापलेली खिडकी दिसायची, त्यातून भलतंच काहीतरी सूचित व्हायचं आणि पान उलटलं की निघायचं अगदी साधं. आमच्या गिरगावच्या घरी तो अंक मोठ्यांच्या कपाटात वरच्या फळीवर असायचा, म्हणजे आम्ही आधी तोच काढायचो. आजचं स्वाइप हे त्याच खिडकीचं भावंड आहे.

खरा फरक उभ्या मांडणीत पडलाय, त्यावर इथे कुणी बोललेलं नाही. दक्षिण कोरियात 2003-04 च्या सुमारास वेबटून, म्हणजे स्क्रीनवर वरून खाली सरकवत वाचायच्या चित्रकथा, रुळले, तेव्हा पानच गेलं. आता दोन चौकटींमधली रिकामी जागा म्हणजे वेळ. माझ्या चित्रकथेत पात्र दार उघडणार असेल तर मी खाली लांबलचक काळी पट्टी सोडतो. अंगठा सरकतो तेवढा वेळ वाचक ताटकळतो. छापील पानावर हे जमत नाही, कारण नजर आधीच शेवटच्या चौकटीवर जाऊन येते. संवाद मात्र मोठ्या अक्षरात आणि तोकडे लागतात. मी प्रत्येक भाग डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने, एका हाताने वाचून बघतो. ठाण्यापर्यंत एकदाही झूम करावं लागलं, तर ती चौकट घरी येऊन पुन्हा काढतो.