विषय: चर्चच्या दारावर उभं राहणाऱ्या पोरांना कोणत्या घटना सांगायच्या?

डॅलसहून, शनिवार रात्री

काका, जय ख्रिस्त. लिस्टवरच्या बाकी मंडळींना नमस्कार.

आपण दिवाळीचा कार्यक्रम ज्या चर्चच्या हॉलमध्ये करतो, त्यांच्या सेफ्टी टीममध्ये मी यंदा नाव दिलं. नव्या लोकांना वाचायला अमेरिकेतल्या चर्चमध्ये झालेल्या गोळीबारांची यादी मिळाली: चार्ल्स्टन २०१५, सदरलँड स्प्रिंग्ज २०१७, व्हाइट सेटलमेंट २०१९. हे शेवटचं गाव तर इथून तासाभराच्या आत आहे. टीममध्ये वाद चालू आहे. काही म्हणतात, फक्त हल्ल्यांची नोंद ठेवा. काही म्हणतात, पार्किंगमधली भांडणंही लिहा. तुम्ही नागपूरला नाताळात पोरं उभी करता, म्हणून विचारतो. तुमच्या कामाचं यात काही आहे का?

नागपूरहून, रविवार दुपारी

बेटा, यादी दोनदा वाचली. पोरांना मी ती जशीच्या तशी देणार नाही.

व्हाइट सेटलमेंटला दोन माणसं गेली आणि एका स्वयंसेवकाने हल्लेखोराला सहा सेकंदांत पाडलं. पण आमच्याकडे उपासनेला कोणी पिस्तूल लावून बसत नाही, त्यामुळे ते सहा सेकंद आमच्या पोरांसाठी सिनेमाच. घ्यायचं ते त्याच्या आधीचं. नकली दाढी आणि विग लावून आलेला माणूस टीमच्या नजरेत आधीच भरला होता. चार्ल्स्टनचं तसं नाही. तिथला हल्लेखोर बायबल अभ्यासाला लोकांमध्ये जवळपास तासभर बसला आणि मग नऊ जणांना मारलं. दारावरच्या माणसाने तिथे काय करायला हवं होतं? मला तरी सुचत नाही. जिथे आपल्या माणसाच्या हातात काहीतरी होतं, ती घटना आपल्या कामाची. बाकीच्यांसाठी प्रार्थना करू.

तुझ्या यादीत दोन घटना नाहीत, त्या मी घालीन. १५ मार्च २०१५ ला लाहोरच्या युहानाबादेत वीस वर्षांच्या आकाश बशीरने आत्मघाती हल्लेखोराला चर्चच्या फाटकावरच धरलं. २०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेत बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये रमेश राजूने पाठीवर बॅग असलेल्या माणसाला आत येऊ दिलं नाही. दोघंही गेले. बट्टिकलोआला तर बाहेर असलेली संडेस्कूलची लेकरंही गेली. म्हणून ही नावं मी आदराने घेतो, पण पोरांना ‘तुम्हीही असंच करा’ म्हणायची माझी हिंमत नाही. एवढंच केलं, की बॅगा बघायचं टेबल दारातून उचलून पार फाटकाशी नेलं आणि त्या बाजूला लेकरांना खेळू देणं बंद केलं.

आता आपलं गाव. चोवीसच्या रात्री आणि पंचवीसच्या संध्याकाळी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा पाहायला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती, तुला ठाऊकच आहे. लोक खांद्यावर लेकरं घेऊन येऊन राहिले, सेल्फी काढून राहिले, आणि जायचा-यायचा रस्ता एकच! तेव्हा पहिली घटना नागपूरचीच सांगतो, २३ नोव्हेंबर १९९४, गोवारी समाजाचा मोर्चा. मी तेव्हा सीताबर्डीत नोकरीला होतो. बॉम्ब नाही, बंदूक नाही. लाठीमार झाला, पळापळ झाली, निघायला वाट नव्हती आणि ११४ माणसं चेंगरून गेली, त्यात बायका-लेकरं फार. आजची पोरं गोवारी उड्डाणपुलावरून रोज जातात, पण नाव कशावरून पडलं ते विचारलं तर गप्प. म्हणून यंदा आत एका फाटकाने, बाहेर दुसऱ्या, आणि मधे दोर धरून चार जण. दीक्षाभूमीवर समता सैनिक दलाची माणसं गर्दी सांभाळायला कशी उभी राहतात ते एकदा पाहून या, असंही पोरांना सांगितलं.

दुसरी घटना आमच्या गोठ्याची. दोन वर्षांपूर्वी तणस अंथरलं, वर बर्फ म्हणून कापूस, आणि त्यातूनच लाइटची सिरीज फिरवली. साडेदहाला मेंढराच्या पायाशी धूर! एक पोरगा बादली घेऊन धावला. मी ओरडलो, ‘अरे बाप्पा, आधी पिन काढ!’ वीतभर कापूस जळाला आणि मेंढरू काळं पडलं. ते मेंढरू मी फेकलं नाही. ट्रेनिंगला टेबलावर ठेवतो.

तिसरीचं मी नाव घेत नाही, ती आपल्याच कुठल्यातरी मंडळीतली समज. संडेस्कूलच्या खोलीचं दार बंद, आत एक मोठा माणूस आणि एक लेकरू. कमिटीत ‘घरातलं घरात’ म्हणून मिटवायला निघाले होते. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी शंका आली तरी पोलिसांना कळवावंच लागतं. आम्ही सुताराकडून सगळ्या दारांना काच बसवून घेतली. एका वडीलजनांना फार राग आला. येऊ दे.

न्यू जर्सीहून, रविवार

काका, मी नर्स आहे म्हणून मधे बोलते. तुमच्या रजिस्टरात चक्कर, पडणं, छातीत दुखणं किती वेळा आलं ते मोजा. आमच्या चर्चमध्ये वर्षभर हेच येतं. रात्रीची थंडी, पोटात काही नाही, गोळी घ्यायची राहिलेली म्हातारी माणसं. छाती दाबायला पोरांना येतं का? आणि १०८ ची गाडी गर्दीतून दारापर्यंत पोचते का?

नागपूरहून, मंगळवार

ताई, मोजलं. मागच्या तीन नाताळांत सहा नोंदी आहेत, त्यातल्या चार तुम्ही म्हणता तशाच. छाती दाबायला फक्त दोघांना येतं, रविवारी ओळखीच्या डॉक्टरांना बोलावलंय.

गाडीचं मात्र तुम्ही बरं विचारलं. काल पुतण्याची व्हॅन घेऊन गेलो. मागच्या फाटकाशी फुगेवाला आणि चाटचा ठेला, व्हॅनचा आरसाही आत जाईना. फुगेवाला लगेच हलला. चाटवाला म्हणतो, ‘हटतो ना काका, पण मग लाइट तुमच्याकडून द्या.’ देणार आहे. गोठ्याच्या बोर्डावरून नाही.