मदत हवी आहे: सूफींवरचं पाश्चात्त्य संशोधन कुठून वाचू?

नमस्कार मंडळी. सेतुमाधवराव पगडींचं सूफी संप्रदायावरचं पुस्तक वाचलं आणि पुढे पाश्चात्त्य अभ्यासकांकडे वळले. तिथे गोंधळ उडाला. जुने लोक सूफी मताचं मूळ इस्लामबाहेर शोधत: कुणी वेदान्तात, कुणी ग्रीक तत्त्वज्ञानात. (वेदान्त म्हटल्यावर आपली कॉलर ताठ होते, पण पुरावा तसा तोकडाच.) मग फ्रेंच अभ्यासक मासिन्यों यांनी 1922 मध्ये हल्लाज या बगदादमध्ये देहदंड झालेल्या सूफीवर ग्रंथ लिहिला आणि सूफींची परिभाषा कुराणातूनच उमलली, असं मांडलं. इंग्रज अभ्यासक निकल्सन यांनी सूफी कवी रूमीच्या मसनवी या फारसी काव्यावर आयुष्य वेचलं. हे सगळं पोथ्यांवर आधारलेलं.

पण 1978 मध्ये अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन विजापूरच्या सूफींकडे समाजाच्या अंगाने बघतात, आणि 1992 मध्ये अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट थेट आपल्या सूफी दर्ग्यांच्या खुलदाबादला येतात! पोथीकडून दर्ग्याकडे हे वळण नेमकं कशामुळे आलं? त्यावर कुणी सलग लिहिलंय का? मराठीत असेल तर उत्तमच. फारसी येत नाही, इंग्रजी चालेल. आणि आधी ईटन वाचू की अर्न्स्ट?