अ‍ॅव्हेंजर्सचा खेळ कॉमिक्सवाल्यांनी बुडवला नाही

ढालकरी (गंगापूर रोड, नाशिक)
२०२० सालचा ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ हा व्हिडिओ गेम चांगलाच होता आणि आमच्यासारख्या कॉमिक्स वाचणाऱ्यांनी खोट काढून काढून तो बुडवला, असे काल सातपूरकरांनी इथे लिहिले. ते वाचल्यापासून मला चैन पडलेले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पोशाखाची छटा चुकली म्हणून आम्ही रागावलेलो नाही. मूळ कॉमिक्सच्या सप्टेंबर १९६३ च्या पहिल्या अंकात लोकी हल्कवर आळ आणतो आणि त्या निमित्ताने थॉर, आयर्न मॅन, अँट-मॅन आणि वास्प एकत्र येतात. तेव्हापासून या मंडळींची खरी गोडी एवढीच आहे, की एकाला जे जमत नाही ते दुसरा करतो. खेळात मात्र थॉर असो वा ब्लॅक विडो, एआयएम या खलनायकी संघटनेच्या त्याच प्रयोगशाळेत उतरायचे, तेच यंत्रमानव बडवायचे आणि पेटीतून पाच-दहा अंकांनी सरस असा एखादा सुटा भाग उचलायचा. तो भाग अंगावर दिसतसुद्धा नाही, कारण दिसणारे पोशाख वेगळे विकायचे होते. खलनायकांची एवढी मोठी फौज अंकांत पडून असताना सुरुवातीला टास्कमास्टर, अ‍ॅबॉमिनेशन आणि मोडॉक यांच्यापलीकडे फारसे कोणी भेटले नाही. याला संघ म्हणायचे का?

सातपूरकर
मी कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो आणि रात्री साडेबाराला घरी पोचतो. त्या वेळी मला वीस मिनिटांची एक मोहीम हवी असते, १९६३ चा अंक नको असतो. हल्क शत्रूला पायाला धरून दुसऱ्या शत्रूवर आपटतो, तेव्हा दिवसभराचा शीण उतरतो, आणि ते सुख या खेळाने मला वर्षभर दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये ब्लॅक पँथरच्या वाकांडा देशाचा अख्खा भाग त्यांनी फुकट दिला, त्याचा उल्लेखही तुम्ही केला नाहीत. तुमच्यासारख्यांनी पहिल्या आठवड्यातच निकाल देऊन टाकला आणि पुढे आम्हाला जोडीला माणूस मिळेना.

कमलाची मैत्रीण (पंचवटी)
ढालकरी, तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये कमला खानचे, म्हणजे मिस मार्व्हलचे, नाव नाही, याचे मला वाईट वाटले. २०१४ मध्ये तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली, तेव्हा घरच्यांची बोलणी खात चोरून फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या नायकांच्या स्वतः रचलेल्या गोष्टी, लिहिणारी मुलगी मला पहिल्यांदाच कॉमिक्समध्ये दिसली, कारण मीही तेच करत होते. खेळाच्या सुरुवातीला छोटी कमला सोहळ्यात एकेका नायकाला भेटत फिरते, तो अर्धा तास तुम्हाला भिडला नसेल, तर तुम्ही चाहते कशाचे आहात?

ढालकरी
कमलाबाबत चूक माझी आहे. तो भाग मनापासून लिहिलेला होता आणि म्हणूनच पुढचे अधिक लागले.

वाकांडा फुकट होते, हे खरे. पण विक्रीला फक्त पोशाख असतील, असे सांगून ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी प्रगतीचा वेग वाढवणाऱ्या वस्तू पैसे घेऊन विकायला काढल्या आणि ओरड झाल्यावर मागे घेतल्या, हेही सांगा. शिवाय टाळेबंदीत धाकट्या भावाने साठवलेल्या पैशांतून दुसरा कंट्रोलर घेतला. डिस्क घातली आणि दुसऱ्या खेळाडूचा पर्याय शोधत आम्ही दोघे अर्धा तास मेनू चाळत बसलो. तो नव्हताच. सोबत खेळायचे तर दुसरा कन्सोल आणि दुसरी प्रत घ्या!

जुना वाचक
मुद्दा हाच आहे. २००६ च्या ‘अल्टिमेट अलायन्स’मध्ये चौघांना एका पडद्यावर खेळता येत असे. कॉलेज रोडवरच्या एका गेम पार्लरमध्ये आम्ही चौघे तासाचे पैसे वाटून घेत होतो आणि ढालवाला कॅप्टन अमेरिका कोणी घ्यायचा यावरून दोन दिवस अबोला धरत होतो.

सातपूरकर
पुन्हा ते पार्लर! त्या खेळात कॅमेरा वर टांगलेला होता, म्हणून चौघे एका चित्रात मावत. इथे कॅमेरा नायकाच्या पाठीमागे असतो. दोघांसाठी पडदा दुभंगायचा, तर यंत्राला तेच शहर दोनदा रंगवावे लागते, आणि एकट्या खेळाडूलाच गर्दीत चित्र अडखळत होते. यातले काही कळत नसेल, तर ज्यांनी ते बनवले त्यांना नावे ठेवू नका.

जुना वाचक
कळते, आणि अशी अक्कल शिकवू नका. संघाचा खेळ करायचे ठरल्यावर कॅमेरा कुठे टांगायचा, हे ठरवणारेही तेच होते ना? एकट्याने खेळायचाच असेल, तर त्याच कंपनीने २०२१ मध्ये काढलेला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ पाहा. तिथे एकच माणूस खेळतो, तरी बाकीचे चौघे सतत भांडतात, टोमणे मारतात, हाक मारली की धावतात. तिथे संघ असल्याचे जाणवते.

कमलाची मैत्रीण
कॅमेऱ्यावरून किती वेळ भांडणार आहात? माझी मोहीम संपली की कमला पुन्हा त्याच लिफ्टने खाली जायची आणि तिच्याकडे कोणाशी बोलण्यासारखे काही उरलेले नसायचे. माझे दुःख तेवढेच आहे.

ढालकरी
मार्च २०२३ मध्ये शेवटच्या अपडेटसोबत सगळे पोशाख फुकट झाले आणि ३० सप्टेंबरला विक्री बंद झाली. भाऊ तोवर पुण्याला गेला होता. दुसरा कंट्रोलर अजून खोक्यातच आहे.

सातपूरकर
कंट्रोलरचे म्हणणे मान्य आहे, आणि त्या पैसेवाल्या वस्तूंचेही. जोडीला माणूस का मिळेना, याचा दोष सगळा तुमच्यावर टाकला, तो परत घेतो. खेळ वाईट होता, हे मात्र मी लिहून देणार नाही.