विमानतळाच्या अलीकडची गोष्ट

कुणीतरी म्हटलंय की आफ्रिकी स्थलांतराच्या कथा म्हणजे बर्फ, एकटेपणा आणि गोऱ्या वाचकाची सोय. अर्धं पटतं. पण नायजेरियन लेखिका चिमामांडा अदिचीची ‘द अमेरिकन एम्बसी’ ही कथा (२००९च्या संग्रहातली) वाचून बघा. तिच्यात कुणी परदेशी पोचतच नाही! नायजेरियातल्या लागोसमध्ये अमेरिकेच्या व्हिसाच्या रांगेत एक बाई उभी आहे. नवरा पत्रकार, लष्करी हुकूमशहा अबाचाच्या राजवटीविरुद्ध लिहून देशाबाहेर निसटलेला. त्याला शोधत आलेल्यांनी तिच्या चार वर्षांच्या मुलाला गोळी घातली. आता खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईला पुरावा हवाय, म्हणजे मुलाचं मरण तिच्यापुढे नीट मांडून दाखवायचं. ही बाई सरळ वळते आणि निघून जाते. आश्रय मागणाऱ्याला स्वतःचं दुःख अर्जासारखं भरून द्यावं लागतं, हे इतक्या थोड्या पानांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सुदानी लेखिका लैला अबुलेलाची ‘द म्युझियम’ मात्र पोचल्यानंतरचीच. आफ्रिकी लेखकांच्या इंग्रजी कथेला दिलं जाणारं केन पारितोषिक २००० साली पहिल्यांदा दिलं गेलं, ते याच कथेला. सुदानमधल्या खार्टूमची शादिया स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये संख्याशास्त्र शिकते, आणि एक स्कॉटिश वर्गमित्र तिला आफ्रिकेबद्दलच्या संग्रहालयात नेतो. तिथे तिला ओळखीचं काहीच दिसत नाही, दिसते ती तिथे गेलेल्या स्कॉटिश लोकांची आफ्रिका. मुलगा बिचारा चांगला आहे, म्हणून तर जास्त बोचतं.

गोऱ्या वाचकाची सोय या कथेत नेमकी कुठे होते, ते सांगाल का?